बाईच्या मापाचा राजझगा

मी राजाचा झगा बोलतोय. नाटकातल्या राजाचा हं; खऱ्या राजाशी माझी ओळखदेख नाही. जड मखमलीचा, सोनेरी काठाचा मी, अठरा वर्षं एकाच नटाच्या अंगावर होतो. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा दचकून जागा व्हायचा. घाम मात्र माझ्याच बाहीला पुसायचे. मोठी माणसं!

मग अण्णांचा गुडघा गेला. नाटक जुनं, गाजलेलं, प्रयोग लागलेले. दिग्दर्शक म्हणाला, "या वेळी राजा नकोच. सिंहासनावर बाई बसवू." ताई अकरा वर्षं राणी होऊन शेजारी उभी राहिलेली. राजाचा शब्दन् शब्द तिला पाठ. अण्णा फोनवर खो खो हसले, "करा, करा! चार दिवस गंमत!"

कपडेपटाच्या मावशींनी मला ताईच्या मापाला आत घेतलं. आमच्याकडची रीत अशी, की कापड कधी कापायचं नाही. आत दुमडून टाके घालायचे, म्हणजे पुढच्याला उसवून वापरता येतं. पण त्या दुमडींच्या ओझ्यानं ताईचा हात वर जाईना.

"कापते बाई," मावशी म्हणाल्या. "आता हा तुझाच."

ताई नुसती हसली. मावशींनी कात्री चालवली. मला दुखलं नाही, उलट हलकं वाटलं.

तिसऱ्या अंकात राजा पोटच्या पोराला हद्दपार करतो. अण्णा तिथे गर्जना करायचे. ताईनं आधी पोराच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं, मग हळूच म्हणाली, "जा." नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दोन महिने पाट्या लागल्या, सगळी तिकिटं संपली म्हणून.

आणि गुडघा बरा झाला.

"प्रयोग म्हणून छानच झालं हो," दिग्दर्शक ताईला म्हणाला. अण्णांनी मला अंगात घातलं आणि मी पाठीत टर्रकन फाटलो. मुद्दाम नाही, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मावशींना सगळ्यांदेखत नाही नाही ते ऐकावं लागलं.

अण्णांना नवा झगा आला. ताई पुन्हा राणी. आता अण्णा पोराचं बटण लावतात आणि हळूच "जा" म्हणतात. पेपरात आलंय, अण्णांनी भूमिकेत जीव ओतला. ताईनं ते वाचलं, घडी घातली, पेपर तिथेच ठेवला.

काल नव्या झग्याला काठ कमी पडला. मावशी माझा काठ उसवायला बसल्या, पण त्यांचा हात चालेना. तेव्हा ताईनंच मला दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"सरळ उसव, मावशी. त्यांना नीट बसायला हवा."

अगं ताई, काठ ने, मखमल ने, माझी पायपुसणी कर हवी तर. पण एकदा, एकदा तरी नाही म्हण ना!