मैनेचा उजवा कौल

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. हरिश्चंद्र गावकरांची एकुलती मैना मुंबईत फिजिक्स शिकून आली आणि म्हणाली, मला इंग्लंडात जायचंय. कशाला? तर फुटून मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष बघायला! घ्या आता. आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला. "जिवंत माणसं कमी पडली काय गो तुला?"

मैना आईला समजावत बसली. मोठा तारा फुटतो, त्यातला मालमसाला हजारो वर्षं सुसाट बाहेर पळतो आणि इतका तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. डॉक्टर छातीचा फोटो काढतात तेच किरण. पण आपली हवा त्यांना खाली उतरू देत नाही, म्हणून युरोपातल्या लोकांनी वर उपग्रह सोडलाय आणि त्याची मोजमापं तिकडच्या विद्यापीठात येतात. त्या किरणांची फोड केली की कळतं, ताऱ्यात गंधक किती, लोखंड किती. "आपला कातळ लाल आहे ना आई, त्यातलं लोखंडसुद्धा असल्याच ताऱ्यांनी मरताना फेकलेलं." हे सांगताना पोरीचा चेहरा असा उजळायचा की आनंदीबाई चुलीवरचं विसरायच्या.

जागा मिळाली होती, शिष्यवृत्ती मिळाली होती. अडलं होतं ते हमीपत्रावरच्या बापाच्या सहीपाशी.

एकुलती लेक सातासमुद्रापलीकडे धाडायची हरिश्चंद्रांची छाती होईना. पण तोंडानं नाही म्हणणार कसं? म्हणाले, "कौल लावू. उजवा पडला तर मी आड येणार नाही." देव आपल्याच बाजूनं बोलणार, याची त्यांना बालंबाल खात्री.

आता मैनेचा आगाऊपणा सांगायलाच हवा. आदल्या शिमग्याला तिनं भर देवळात ऐकवलं होतं, की गुरव देवाच्या दोन खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, जिची ओल आधी सुकते ती आधी पडते, देवाचा काही संबंध नाही. नुसतं बोलून थांबली नाही बया, खांबाला पाकळ्या लावून करूनही दाखवलं! गावाचे मानकरी हरिश्चंद्र, त्यांची मान खाली गेली ती गेलीच.

तर सोमवारी सकाळी धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, लेक परमुलखात जाऊ म्हणते, जायचं असेल तर उजवा दे!" "होय महाराजा!" म्हणून लोकांनी साथ दिली. मैना जन्मात पहिल्यांदा जीव मुठीत धरून त्या पाकळीकडे बघत होती. आणि पडली की हो, उजवीच पडली!

"दिला महाराजानं!" धाकू ओरडला. हरिश्चंद्र जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "ओल सुकली असेल. माझ्या लेकीनंच शिकवलंय."

लोक फिदीफिदी हसले. "आबा, तेव्हा मी चुकले. हा देवानंच दिला," मैना म्हणाली. साफ खोटं. बोलताना तिची तिलाच शिसारी आली.

"आज पाहिजे म्हणून देव आठवला काय गो?" बाप म्हणाला, आणि चपला पायात सरकवून चालता झाला. सही झाली नाही.

मैना रत्नागिरीच्या एका शाळेत पोरांना भिंगं आणि आरसे शिकवू लागली. दोन वर्षांनी तो उपग्रह खाली येऊन हवेत जळून गेला. तिनं ती बातमी शाळेत पेपरात वाचली आणि पेपर घडी घालून ठेवून दिला.

त्याच वर्षी मंडणगडचं स्थळ आलं. मैनेला मुलगा पसंत नव्हता, आणि तिनं ते तोंडावर सांगितलं. हरिश्चंद्र म्हणाले, कौल लावू. तेच देऊळ, तोच धाकू. पाकळी उजवी पडली. बापानं लोटांगण घातलं. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

मैना पुढे झाली. "आबा, ही कशानं पडली?"

"देवानं," हरिश्चंद्र म्हणाले. "नमस्कार कर, बाय."