भाजीवर शिंपडणारा निळा कॅन

१७ मार्च, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. माझ्यात अठरा लिटर पाणी भरले गेले आणि मंडईतल्या एका भाजीवालीचा दिवस सुरू झाला. मी एक जुना निळा कॅन आहे. मित्रांनो, अशी हाक मारण्याची रीत आहे म्हणून मारतो. मी तुमच्यापैकी कोणाचाही मित्र नाही.

कारखान्यात मला जाड भिंती आणि घट्ट झाकण मिळाले, ते विष सांभाळण्यासाठी. पिकावरची कीड मारणारे औषध माझ्यात सात महिने होते. "एक थेंब गळेल तर शपथ!" अशी फवारणीवाला माझी स्तुती करी. औषध संपताच त्याने मला भाजीवालीला देऊन टाकले.

तिने मला राखेने पंधरा वेळा घासले. वास गेला, तशी तिची शंकाही गेली. परंतु माझ्या भिंतींत मुरलेले विष राखेला दाद देत नाही. ते रोज थोडेथोडे पाण्यात उतरे आणि तेच पाणी ती पालकावर, काकड्यांवर शिंपडी. भाजी टवटवीत दिसे, गिऱ्हाइके भुलत. तिची तीन वर्षांची नात गाळ्यात बसून ओली काकडी चोखत असे. पोरीच्या ओठांभोवती पुरळ उठले. आजी म्हणाली, उन्हाने.

त्या सकाळी पाणी ओतताना तिने मला तिरका केला आणि एका चष्मेवाल्या बाईंना माझ्या तळावरची अक्षरे दिसली.

"मावशी, हा औषधाचा कॅन आहे. पुन्हा वापरू नये, असं लिहिलंय यावर."

"घ्यायची एक काकडी आणि झडती अख्ख्या गाळ्याची! पंधरा वेळा घासलाय तो."

"मग प्या त्यातलं पाणी."

"पिते की! तुम्हाला काय भिते?"

तिने माझ्यातून पेला भरला. मला आनंद झाला. खोटे कशाला बोलू?

"आजी, मला पण," नातीने हात पुढे केला.

पेला ओठांपाशीच थांबला.

"तुला नको."

"का?"

भाजीवालीने नातीच्या हातातली काकडी हिसकावली, पेला उपडा केला आणि बाईंवरच खेकसली, "बघत काय बसलात? तो तिथे पडलेला खिळा द्या इकडे!"

मित्रांनो, ओल्या भाजीच्या तजेल्यावर जाऊ नका. पाणी कोणत्या भांड्यातले आहे, ते विचारा. फळे आणि भाज्या घरी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, साबण लावू नका. कोबीची वरची पाने काढून टाका. आणि माझ्यासारख्याला दुसऱ्या कामाला जुंपू नका. मी सुधारत नाही.

भाजीवालीने किलोच्या वजनाने खिळा ठोकून माझ्या तळाला भोके पाडली. एकूण अकरा.