प्रेमराजचा पांढरा झगा

मी एक जुना पांढरा झगा आहे. भुसावळच्या एका चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांतल्या सर्वांत धाकट्यासाठी हबीबभाई शिंप्यांनी मला शिवले. मुले भराभर वाढतात, म्हणून त्यांनी माझ्या खालच्या काठात चार बोटे कापड दुमडून ठेवले होते.

मित्रांनो, आमच्या चर्चची रीत अशी होती की, वरचा सूर मुलांनी लावायचा आणि खालचे सूर पुरुषांनी धरायचे. आठ मुले, आठ पुरुष. शिकवायला रेल्वेतून निवृत्त झालेले रुपचंद मास्तर. कोणी चुकले की ते ओरडत नसत, नुसते डोळे मिटून घेत. मुलांना तीच शिक्षा जड जाई.

माझ्या वाट्याला प्रेमराज आला तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याचे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला. नाताळच्या उपासनेत तो एकटा पहिली ओळ गाऊ लागला की बाकांवरचे खोकलेसुद्धा थांबत. त्याची छाती भरून यायची ती मला आतून कळायची. मास्तरांच्या पत्नी कमलबाई दर वर्षी माझी दुमड थोडी उसवून मला लांब करत.

पुढे आजाराची साथ आली आणि चर्चला कुलूप लागले. कुलूप निघाले तेव्हा निम्मे पुरुष पुण्या-नाशिककडे गेले होते. मुले शिकवणीच्या वर्गांत अडकली. वरचा सूर धरायला शेवटी एकटा प्रेमराज उरला.

त्याला तेरावे वर्ष लागले आणि एका रविवारी गाता गाता त्याचा आवाज फाटला. मास्तर त्या दिवशी तापाने घरी पडून होते, त्यांना हे कळलेच नाही. प्रेमराज मला खुंटीवर टांगून गेला, तो पुन्हा आला नाही.

मास्तरांचे अंथरूण काही सुटले नाही. त्यांनी मला घरी आणवले, धुऊन इस्त्री करवली आणि पलंगासमोर खिडकीपाशी अडकवले.

"प्रेमराज आला का गं?" ते रोज विचारत.

"येईल हो. परीक्षा असेल," कमलबाई म्हणत.

मित्रांनो, तो येत होता! दोनदा मी त्याला खिडकीतून पाहिले. कोपऱ्यावर सायकल थांबवायचा, एक पाय जमिनीवर टेकून घराकडे बघत राहायचा आणि माघारी वळायचा. मला हाक मारता येत नव्हती. माझी बाही वाऱ्याने हलली, एवढेच.

फेब्रुवारीत मास्तर गेले.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज आला. तो कमलबाईंसमोर उभा राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काकू, माझा आवाज गेला. मास्तर डोळे मिटून घेतील, म्हणून मी आलो नाही."

कमलबाईंनी त्याला जवळ ओढले. "अरे वेड्या, सगळ्याच पोरांचा आवाज असा बदलतो. त्यांना नुसतं बघायचं होतं रे तुला."

त्याने मला अंगात घालून पाहिले. दुमड केव्हाच संपली होती. मी त्याच्या गुडघ्यांपर्यंतही पोचलो नाही. त्याने मला काढले, नीट घडी घातली आणि हातावर घेऊन तो चर्चमध्ये गेला. उरलेले चार पुरुष शवपेटीजवळ उभे होते. त्यांच्यातले शिंदखेड्याकडचे अभिमन आबा बाजूला सरकले आणि त्यांनी त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली.

"पोऱ्या, आते आमना जोडे उभा ऱ्हाय," ते म्हणाले.

तो उभा राहिला आणि गायला. खालचा सूर, कापरा, पण मोठ्या माणसाचा. वरचा सूर लावायला कोणी नव्हते. गीत तसेच अर्धे, उघड्या कपाळाचे, शेवटपर्यंत गेले.

आता मी चर्चच्या कपाटात असतो. काखेत मला कसर लागली आहे. कोणी मला उन्हात घातले तर बरे वाटेल, मित्रांनो. पण तेही राहू द्या. कोणी खिडकीकडे डोळे लावून तुमची वाट बघत असेल, तर कोपऱ्यावरून परत फिरू नका. आवाज कसाही असो, त्याच्या दारात जाऊन एकदा 'आलो' म्हणा.