तळीतली नागबाळं

"वाकली! वाकली! नमस्कार केला बाबांना!"

१९३१ सालचा भाद्रपद. श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात देवळाच्या तळीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीवर भुजंगनाथबाबा बसले होते. त्यांनी हात पाण्यावर धरला, तशी पाण्यावर तरंगणाऱ्या, बारीक काड्यांसारख्या शेकडो जिवांनी एकदम बुडी मारली. हात मागे घेतला, थोड्या वेळाने ते परत वर आले. बायकांनी पदर पसरले.

"शेषाची बाळं ही, पाताळातून आलेली!" बाबा गरजले. "हे पाणी घागरीत न्या आणि तापकऱ्याच्या उशाशी ठेवा. झाकू नका, बाळांना श्वास लागतो. आठ-दहा दिवसांत ती ताप घेऊन आकाशात जातील. मग पुन्हा भरा."

मी गावचा शाळामास्तर. घरोघर हिवताप होता म्हणून तळीत ओतायला दवाखान्यातून रॉकेलचा डबा आणला होता, गावाने होकारही दिला होता. आता गावचे पुढारी तुळशीराम माझ्यावरच उखडले.

"देवाच्या पोरांवर रॉकेल ओतता व्हय मास्तर?"

माझ्या शेजारची चंद्राबाई सुपारीच्या वाडीत राबून जगणारी विधवा. तिची सून ठमी सहा महिन्यांची गरोदर, तापाने फणफणलेली. मी दिलेलं हिवतापाचं औषध, कोयनेल, चंद्राबाईने चुलीमागे ठेवलं आणि घागर सुनेच्या उशाशी. दहाव्या दिवशी ती धावत आली. "मास्तर, गेली बाळं! घागर मोकळी!" ताप मात्र ठमीला सोडून गेला नव्हता. चंद्राबाईने घागर पुन्हा भरली.

पहिल्या घागरी भरल्या त्याच दिवशी मीही तेच पाणी काचेच्या बरणीत भरून तोंडाला मलमल बांधली होती. ती बरणी घेऊन दुसऱ्या दिवशी भरदुपारी तळीवर गेलो.

"बाबा, तुम्ही हात जोडून बसा," म्हटलं, आणि पायातली चप्पल काढून पाण्यावर धरली. सगळी नागबाळं खाली गेली. मग छत्री धरली, पुन्हा गेली.

"सावली पडली की या अळ्या बुडतात, श्वासाला वर येतात. कुणाला नमस्कार करत नाहीत. आणि आकाशात कुठे जातात, हे बघा." मी बरणी उंच केली. मलमलीखाली डास घोंघावत होते. "घागर उघडी होती, म्हणून हेच तुमच्या माणसांना चावले. डासच एकाचा ताप दुसऱ्याला नेतो."

पुढचे दोघे-तिघे वाकून बरणीत बघू लागले. मला वाटलं, पटलं.

बाबा हसले. "बघा, नागांनी पंखही धारण केले!"

"देवाला चप्पल दाखवलीत?" तुळशीराम ओरडले. कुणीतरी बरणी हिसकावून पायरीवर आपटली. पोरांना शाळेत धाडायचं नाही, असं तिथेच ठरलं.

संध्याकाळी चंद्राबाई दारात आली. बसली नाही.

"मास्तर, खरं सांगा. ती घागर मी ठमीच्या उशाशी ठेवली... डास तिथंच झाले?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोललो नाही. "व्हय, चंद्राबाई."

तिने घरी जाऊन घागर अंगणात पालथी केली आणि ठमीला कोयनेल पाजलं. फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी ठमी पोटातल्या जिवासकट गेली.

सुतक फिटल्यावर चंद्राबाई घरोघर हिंडली. "घागरी ओता गं! माझी पोर गेली!" चार घरांनी ओतल्या. बाकीच्यांनी दारं लावली. पोर गेल्याने म्हातारीचं डोकं फिरलं, म्हणाले. बाबा आश्विनात हरिहरेश्वराकडे निघाले तेव्हा वाजतगाजत गेले.

याला सहा वर्षं झाली. तळीत रॉकेल ओतू देत नाहीत. यंदाही भाद्रपदात तीन माणसं गेली, त्यात तुळशीरामांचा धाकटा भाऊ होता. त्यांनी तळीवर अभिषेक केला.

तरी मी सांगतोच. साचलेलं पाणी आठवड्याच्या आत ओता. ओतता येत नसेल तर घट्ट झाका. तळं असेल तर वर रॉकेलचा पातळ थर द्या, म्हणजे अळ्यांना श्वास मिळणार नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. एका बरणीत ते पाणी भरा, तोंडाला फडकं बांधा आणि दहा दिवस स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बघायला कुठल्याही देवाची मनाई नाही.