बरं झालं, तू मोडलीस!

मी तिपाई बोलतेय. गोठ्यातली. दचकू नका. तीन पायांवर उभं राहून तोंड चालवलं तर एवढं काय? दोन पायांवर उभं राहून चालवणारे गावात पुष्कळ आहेत.

सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून ठोकलं. चौथ्या पायाला लाकूड पुरेना, तर म्हणाला, "तीनच बरे. गोठ्याची जमीन खडबडीत, चार पायांचं डुगडुगतं." स्वतःची कंजुषी खपवायला माणसं किती छान कारणं देतात! पण बोलला ते खरं निघालं. मी आजवर कधी डुगडुगले नाही.

माझी मालकीण म्हणजे घरातली म्हातारी. उजाडलं की ती माझ्यावर बसते, गायीच्या पोटाला कपाळ टेकते आणि धार काढता काढता प्रार्थना करते. प्रत्येक प्रार्थनेची सुरुवात ठरलेली: "बरं झालं." गायीने लाथ मारून बादली पालथी केली? "बरं झालं, बादलीच होती, माझा गुडघा नव्हता." दात पडला? "बरं झालं, ठणकायचा तरी थांबला." नवरा वारला त्यानंतरच्या सकाळीही ती इथेच बसली होती. बादली भरेपर्यंत धार काढली. मग म्हणाली, "बरं झालं, फार हाल नाही झाले त्यांचे." तेवढं म्हणून बादली उचलून गेली.

ती देवाचे आभार मानते, गायीचे मानते, अगदी बादलीचेसुद्धा मानते. वजन मात्र मी पेलते! माझं नाव कधी निघालं नाही. असो. बसणाऱ्याला बुडाखालचं दिसत नाही.

घरात मुलाने देवासाठी झगमगता कोपरा केलाय. बटण दाबलं की दिवा लागतो, गाणं वाजतं आणि मुलगा हात जोडून एक डोळा फोनवर ठेवतो. सून म्हणते, "आई, देवासमोर बसायचं सोडून शेणात बसून कसली हो प्रार्थना करता?"

"तिकडे तुमची गर्दी," म्हातारी म्हणते. "देवाला इकडे जरा मोकळं वाटतं."

गोठ्याच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे तिची मैत्रीण राहते. दोघी एकमेकींना 'पलीकडची' म्हणतात, भिंत एकच असली तरी. रोज धारेच्या वेळी पलीकडची भिंतीवर कोपरं टेकून उभी राहते. देवाचं आटोपलं की दोघी गावाची उणीदुणी काढतात. म्हातारीच्या दिवसातला सगळ्यात गोड वेळ तो. मला विचारा, हसताना ती माझ्यावरच गदागदा हलते.

एकदा वादळात पलीकडचीच्या गोठ्याचं छप्पर कोसळलं. सकाळी ती धावत भिंतीशी आली. "अगं, छप्पर पडलं गं माझं!"

म्हातारी म्हणाली, "बरं झालं!"

पुढे तिला म्हणायचं होतं, 'तू आत नव्हतीस.' पण तेवढ्यात गायीने शेपटीचा ओला फटका थेट तिच्या तोंडावर हाणला. ती थू थू करत तोंड पुसेपर्यंत पलीकडची पांढरीफटक पडली. "बरं झालं? माझं वाटोळं झालं, आणि बरं झालं?" असं म्हणून ती वळली ती वळलीच.

बघा आता आपली भाषा! 'बरं झालं' म्हणजे देव पावला, आणि 'बरं झालं' म्हणजे चांगली खोड मोडली. आपण कुठलं घ्यायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

गावाने लगेच ठरवलं. न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत बातमी गेली तेव्हा म्हातारी हसली होती. दुकानदाराकडे पोचेपर्यंत तिने टाळ्या वाजवल्या होत्या. संध्याकाळी तर वादळही तिनेच बोलावलं होतं.

मुलगा म्हणाला, "आई, सॉरी म्हणून टाक ना. मी मेसेज टाइप करून देतो."

म्हातारी भडकली. "जन्म गेला त्या भिंतीशी! माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबता येईना तिला? मी नाही जायची!"

आणि तिने 'बरं झालं' म्हणणंच सोडलं. धार काढताना गप्प. गाय पान्हा चोरायला लागली. घरात मात्र आनंदीआनंद. सून म्हणाली, "आई किती शांत झाल्यात!" शांत कसली, डोंबल! पलीकडे बादली वाजली की तिचा हात थांबायचा आणि कान भिंतीला लागायचे. मला फार वाईट वाटायचं. इतकी एकटी बाई मी दुसरी बसवली नाही. तशी दुसरी कुठलीच बसवली नाही म्हणा.

मग एका सकाळी माझा पाय मोडला. वाळवी आधीपासून लागलीच होती. मुद्दाम केलंस का, असं विचारू नका. वेळ बघून काढता पाय घ्यायला मी काही पुढारी नाही.

म्हातारी धपकन खाली, बादली अंगावर, केसांतून दूध निथळतंय. भिंतीवर एक डोकं वर आलं. पलीकडचीचं. खाली पडलेल्या म्हातारीला बघून तिच्या तोंडून निघालं, "बरं झालं!"

गाय रवंथ करायची थांबली.

म्हातारी दुधातून वर बघत म्हणाली, "पुढचं बोल."

"बरं झालं," पलीकडचीला रडूच फुटलं, "गायीच्या पायाखाली नाही गेलीस गं मेले!"

"मग मी तरी काय म्हणत होते? तू छपराखाली नव्हतीस, हेच ना?"

"मग बोलायचं होतंस!"

"थांबायचं होतंस!"

पलीकडची त्या वयात भिंत चढून आली आणि हसत, रडत तिच्याशेजारी शेणातच बसली.

सुनेने मला चुलीत घालायला उचललं होतं. "प्लास्टिकचं आणू ना आई, हलकं, चार पायांचं." पलीकडचीने मला तिच्या हातातून काढून घेतलं. पडलेल्या छपराचा एक वासा तिच्याकडे उरला होता. त्यातून सुताराने मला नवा पाय बसवला. तो अंमळ लांब झाला. सुतार म्हणाला, "असाच बरा, पाठ ताठ राहते." कारणांना तोटा नाही त्याच्याकडे! मी अजूनही डुगडुगत नाही, पण कललेय. माझ्यावर बसलं की म्हातारीचं तोंड आपोआप भिंतीकडे होतं.

प्रार्थना पुन्हा सुरू झालीय, आणि पलीकडून साथही मिळते. तुम्हाला एवढंच विनवते, कोणी 'बरं झालं' म्हणालं तर जरा थांबा. माणसाला धाप लागते, गाय शेपटी मारते, पुढचे शब्द यायला वेळ लागतो. तोपर्यंत निदान गाव तरी गोळा करू नका.

आणि हो, आज धार झाल्यावर उठताना म्हातारीने पहिल्यांदाच मला थोपटलं. म्हणाली, "बरं झालं गं, तू मोडलीस!" आणि बादली उचलून गेली.

इतक्या वर्षांनी माझं नाव निघालं, तेही असं! रागच आला होता. पण मी थांबलेय. उद्या सकाळी बसेल तेव्हा पुढचं बोलेलच की.