कागदावरची हाक

आमच्या घरच्या मास्तरांना दुसऱ्यांची पत्रं वाचायचा भारी शौक. मेढ्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात शाळा एका खोलीची आणि धड वाचता येणारं माणूस एकच, म्हणून पलटणीतून आलेलं प्रत्येक पत्र आमच्या ओट्यावर यायचं. मग हे चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, हेच इटलीत लढून आले आहेत.

नाथाजीचं पत्र महिन्याला एक यायचं. त्याला सहीसुद्धा येत नव्हती, पलटणीतला कारकून लिहून द्यायचा. तीर्थरूप मातोश्री चंद्राबाई यांस नमस्कार, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी, घरच्या मंडळींस आशीर्वाद. दर खेपेला हेच. चंद्राबाई पदराने डोळे टिपायच्या आणि पत्र कमरेला खोचून निघायच्या. घरची मंडळी, म्हणजे त्यांची सून, खांबाआड उभी असायची. तिचं माहेर सांगलीच्या पलीकडे, हळदीच्या मुलखात, म्हणून सगळं गाव तिला सांगलीकरीण म्हणायचं. ती आमच्याकडे रोज दूध घालायला यायची, तरी तिचं नाव मनुबाई आहे हे मला तीन महिन्यांनी कळलं. तेही मी विचारलं म्हणून.

एक दिवस दुधाचा तांब्या ठेवून ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, "मास्तरीणबाई, मला ल्ह्याया शिकवा."

मला हसू आलं. एकोणीस वर्षांची बाई, हात शेणाने आणि चिखलाने भरलेले. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, या वयात बोटं वळत नाहीत. मीही तिला समजावलं की पत्र तू लिहिलंस तरी तिकडे वाचणार कारकूनच. त्यावर ती म्हणाली, "वाचू द्या. अक्षर तर माझं आसंल."

मग तिने कारण सांगितलं. लग्नानंतर नाथाजी बारा दिवस घरी होता. बारा दिवसांत त्याने तिला नावाने हाक मारली नाही. आमच्याकडे कोण मारतं? अगं, ए, ऐकलंस का, यावर संसार होतात. पण निघताना मेढ्याच्या मोटारीच्या पायरीवर चढून तो वळला, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. शेजारी आई उभी होती. तो "येतो" म्हणाला आणि आत गेला.

"त्यांच्या तोंडात माझं नाव आलं व्हतं," मनुबाई म्हणाली. "मी बघितलं. ते मला ऐकायचं हाय."

मी तिला वेडी म्हणाले नाही, पण मनात म्हणाले.

तरी शिकवायला बसले. आमच्या मागच्या दारी, पाटीवर. घरी सासू बाहेर गेली की ती परातीतल्या नाचणीच्या पिठावर गिरवायची आणि मग त्याच पिठाची भाकरी थापायची. सहा महिन्यांत तिने ह्यांची बोटांची गोष्ट खोटी ठरवली. मला एवढंच नवल वाटायचं की ती न, थ, ज एवढीच अक्षरं पुन्हा पुन्हा का घोटते. ती नवऱ्याचं नाव गोळा करत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

चव्वेचाळीसच्या श्रावणात पंचमीला ती माहेरी निघाली. मेढ्याच्या पोस्टात टाकलं तर गावभर होईल, म्हणून तिने स्वतः लिहिलेलं पत्र सांगलीला टाकायचं ठरलं. पाकिटावर पलटणीचा इंग्रजी पत्ता मी घातला. नावही मीच घालते म्हणाले, तर तिने पाकीट ओढून घेतलं. बायकोने नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे मी वाईत माझ्या आईकडून ऐकत मोठी झाले. आणि इथे तर नवरा लढाईवर. मी तिला तसं सांगितलं.

"तुमी मनात घेता का न्हाई मास्तरांचं नाव?" तिने विचारलं. "मी रोज घेते. मनात घेऊन काय झालं न्हाई, मग कागदावर घेऊन कसं व्हईल?"

रात्री मी ते सगळं ह्यांना बोलले. ती माझी चूक. ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

ती सांगलीहून आली तोवर चंद्राबाईंना कळलं होतं. आणि नेमकं भाद्रपदात नाथाजीचं पत्र आलं नाही. आश्विनात नाही. दिवाळी कोरडी गेली, कार्तिक गेला. चंद्राबाईंनी सुनेच्या हातचं पाणी बंद केलं. पाणवठ्यावर बायका तिची घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहायच्या. आमचं दूध बंद झालं. मला रोज तिची वाट बघायची सवय लागली होती, ते मागचं दार मला खायला उठायचं.

एकदा ती ओढ्यावर भेटली. मी तिला म्हटलं, सासूचे पाय धर, चुकले म्हण, भैरोबाला नवस बोल. ती धुणं पिळत राहिली. फार वाळली होती.

"पत्र येनार," ती म्हणाली. "त्यास्नी येळ लागतुया."

"कशाला वेळ?"

"ते मला ठावं न्हाई. पर लागतुया."

पौषात एका सकाळी टपालवाला बाळासो ओट्यावर येऊन विचारू लागला, मनुबाई कोण? जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ह्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं आणि पत्ता चुकलाय, असल्या नावाचं इथे कुणी नाही, असा निकाल दिला. चंद्राबाई तिथेच होत्या. त्यांनाही आठवलं नाही. मी चुलीपुढून उठले ती अनवाणीच खळ्याकडे पळाले.

मनुबाई नाचणी झोडपत होती. माझ्यामागून आली, ह्यांच्या हातातून पाकीट घेतलं आणि वरचं नाव बोटाने वाचलं. मग ओट्याच्या पायरीवर बसली.

आत दोन कागद होते. एक कारकुनाचा, तो ह्यांनी वाचला. नाथाजीच्या पायाला गोळी लागली होती. दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात घरचं पत्र पोचलं. पुढे कारकुनाने लिहिलं होतं, मी त्याला ते वाचून दाखवलं, तेव्हापासून तो मला लिहू देत नाही, म्हणतो, हे एक मी लिहिणार, मग बाकीची तू लिही. शेजारच्या खाटेवरच्या गड्याकडून शिकला. एवढंच जमलं आहे. आता पाय बरा आहे, सुट्टी केव्हा ते ठाऊक नाही.

दुसरा कागद मनुबाईच्या हातात होता. चंद्राबाईंनी वाकून पाहिलं, पण त्यांना काय कळणार? वरपासून खालपर्यंत, कुठे मोठं, कुठे तिरकं, एका ओळीत तर म उलटा, एकच शब्द होता. मनुबाई. मनुबाई. मनुबाई.

"काय म्हनतुया माझा ल्योक?" चंद्राबाईंनी विचारलं.

मनुबाईने कागद त्यांच्यापुढे धरला.

"हाक मारत्यात, आत्याबाई."

चंद्राबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. कागदावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"मग ओ दे की, मनू."

मी आत जाऊन दौत आणली.