हजर पाहुणे : १

शेवटच्या रविवारी बाबा फोरम अपडेट करायला बसले होते. नवापूरच्या आमच्या घरात, टीव्हीशेजारच्या कॉम्प्युटरवर तो अकरा वर्षं चालू होता. बोटीच्या इंजिनाबद्दल कुणीही विचारायचं, बाबांनी उत्तर द्यायचं. अपडेट करताना तो तासभर बंद ठेवावा लागे. पण पानाच्या तळाशी ‘हजर पाहुणे : १’ दिसलं की बाबा थांबत.

“पाहुणा वाचतोय गं उन्नती. नाव सांगत नाय, बोलत नाय, पन रोज येतो. त्याच्या तोंडावर दार कसा लावू?”

“बाबा, सगळे आता व्हॉट्सॲपवर असतात. कोण वाचतं हे?”

“हा वाचतो की!” ते हसले. “बघू पुढच्या रविवारी.”

मंगळवारी ते बोईसरला पंपाचा वायसर आणायला गेले. दुकानातच छातीत कळ आली, आणि संपलं.

पंधरा दिवसांनी सातपाटीहून कुंदनमामांचा फोन आला. बाबांचे जुने बोटवाले मित्र.

“पोरी, तुजा बाप साइटवर लिवतोय! मी म्हटला, वर पन नेटवर्क हाय काय? वाचला तर जुगाराची जाहिरात. काढ ते.”

मी पान उघडलं. बाबांचा फोटो, शेजारी ‘हजर’चा हिरवा ठिपका. बघता बघता त्यांच्या नावाने आणखी एक जाहिरात उमटली. मग त्यांचं एक जुनं उत्तर पुसलं गेलं. मग दुसरं. कुणीतरी घरात शिरून बाबांचा सदरा घालून बसलं होतं.

मी इंटरनेटची वायर उपटली. पासवर्ड बदलून भागणार नव्हतं. भगदाड फोरमच्या जुन्या, अपडेट न झालेल्या आवृत्तीतच होतं. बाबांच्या वहीत लिहिलं होतं : ‘बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. उघडून बघायचा.’ त्यांचा त्या रविवारचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. उघडला. सगळी उत्तरं होती. तो परत चढवला, वायर जोडली आणि अपडेटचं बटण दाबलं.

निम्म्यावर लाइट गेली. कॉम्प्युटर आणि राउटर ज्यावर होते, तो यूपीएस ओरडू लागला. वीस मिनिटं टिकतो, असं बाबा म्हणायचे. तेही तीन वर्षांपूर्वी. अपडेटचा आकडा बासष्ट टक्क्यांवर अडकला होता. काही बंद करायला हात धजेना, आणि नुसतं बघवेना.

सत्तर. नव्वद. मग कोरं पान.

मी मोबाइलवरून पुन्हा उघडून पाहिलं. पहिल्या प्रश्नापासून सगळं जागेवर होतं. हिरवा ठिपका गेला होता. तळाशी : ‘हजर पाहुणे : १’.

मोबाइलचं वायफाय बंद होतं. इथे आले की मी ते बंदच ठेवायची; घरच्या वायफायवरून आलेला पाहुणा बाबांनी लगेच ओळखला असता. त्या रविवारीही आतल्या खोलीत मी तेच पान उघडून बसले होते. मी ते मिटलं असतं, तर अपडेट तेव्हाच झाला असता.

यूपीएस अजून ओरडत होता.

“बाबा,” मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले, “तो पाहुणा मी होते. रोज वाचायचे मी.”